पाठमोऱ्या फोटोचे साडेतीन आठवडे

अमेरिकेत, अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्सला राहायला आल्यावर हायकिंग ग्रुप शोधणं हे मी अर्ध्या तासाचं काम धरलं होतं. पुण्यात ट्रेकला जायचं म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर नाव टाकायचं, पैसे जीपे करायचे, रक्तगट कळवायचा आणि रात्री बसमध्ये चढायचं. इथे बरेच ग्रुप फुकट नेतात, आणि फुकट नेतात म्हणूनच की काय, चौकशा फार.

मीटअप या ग्रुप शोधायच्या साइटवर ढीगभर ग्रुप दिसले. पहाटे निघणारा एक निवडला. लगेच प्रश्न आले: गेल्या सहा महिन्यांतली सर्वांत अवघड हाइक कोणती, चढ किती फूट, पाणी किती नेता? मी ऐटीत लिहिलं, हरिश्चंद्रगड, नळीच्या वाटेनं. पाण्यापुढे लिहिलं, एक लिटर. समोर शब्द उमटला: पेंडिंग.

पहिला आठवडा मी समजूतदारपणे काढला. लोकांना नोकऱ्या असतात. मग वाटलं, अ‍ॅरिझोनातल्या माणसाला नळीची वाट काय कळणार, म्हणून उत्तर बदलून ढोबळ चढ फुटांत लिहिला. पेंडिंगच. दुसऱ्या आठवड्यात ग्रुपमधल्या कुणीतरी मेसेज पाठवला, त्यात एवढंच होतं: 'एक लिटर?' मला राग आला. नंतर इथल्या हवेत दोन-तीनदा चालून आल्यावर कळलं. सह्याद्रीत घाम आला की टी-शर्ट पिळून काढता येतो, इथे तो आला कधी आणि वाळला कधी पत्ताच लागत नाही. अंगातलं पाणी संपत आलंय हे डोकं दुखायला लागल्यावर समजतं. मुकाट्यानं 'तीन लिटर' केलं. तरी पेंडिंग!

तिसऱ्या आठवड्यात मी रोज सकाळी दात घासायच्या आधी ते पान उघडत होते. माझ्यानंतर अर्ज केलेली ऑफिसातली एक मुलगी, जी आयुष्यात कधी डोंगर चढली नव्हती, ती दोन दिवसांत आत. त्या रात्री मी बराच तिखट मेसेज लिहिला. नवरा म्हणाला, सकाळी पाठव. मी तेव्हाच पाठवला.

उत्तर दोन ओळींचं आलं. तुमच्या एकाही फोटोत चेहरा दिसत नाही. दिसेल असा लावा.

खरंच होतं. माझे सगळे फोटो पाठमोरे. कोकणकड्यावर पाठमोरी, राजगडच्या बालेकिल्ल्यावर पाठमोरी, हात पसरून, समोर ढग. आपल्याकडे ट्रेकरचा फोटो असाच असतो! इथे लीडर पहाटे पावणेपाचच्या अंधारात पार्किंगमध्ये हेडलॅम्प लावून मोबाइलमधल्या फोटोंशी चेहरे जुळवतो आणि मगच मोजणी होते. कुणी मागे राहिलं तर शोधणाऱ्यांना दाखवायलाही तोच फोटो लागतो. कारण पटलं. पण ही अट फॉर्मवर कुठेच नव्हती, ग्रुपच्या माहितीत अगदी तळाशी, 'आणखी वाचा' दाबल्यावर दिसायची. पहिल्याच दिवशी एक ओळ लिहिली असती तर बोटं झिजली असती का?

बाथरूमच्या उजेडात सेल्फी काढला, लावला. वीस मिनिटांत मला ग्रुपमध्ये घेतलं.

त्यानंतर हाइकसाठी वेटिंग लिस्ट असते, तिला घाबरू नका. आदल्या रात्री लोक गळतात. मात्र जमणार नसेल तर नाव काढा. आमच्या ग्रुपमध्ये न कळवता दोनदा गैरहजर राहिलं की बाहेर.

पहिलीच हाइक कॅमलबॅक या इथल्या डोंगराची घेऊ नका. उंची २,७०४ फूट वाचून मलाही हसू आलं होतं. पण एको कॅन्यनच्या वाटेनं जेमतेम सव्वा मैलात १,२०० फुटांहून जास्त चढ आहे, खडकांवरून, आणि सावली जवळजवळ नाहीच. अतिउष्णतेचा इशारा असलेल्या दिवशी कॅमलबॅक आणि पिएस्टेवा पीक या दोन्ही डोंगरांच्या मुख्य वाटा सकाळपासून संध्याकाळी ५ पर्यंत बंद असतात. ही बंदी २०२१ पासून आहे. २०२३ च्या जुलैच्या आसपास सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइटला, म्हणजे ४३ सेल्सियसला टेकला होता, तेव्हा बंदीवर कुरकुर नको. नवीन माणसानं ऑक्टोबरनंतर सुरुवात करावी. अर्धं पाणी संपलं की जिथे असाल तिथून परत फिरायचं, शिखर समोर दिसत असलं तरी.

आणि कंगवा. हे आधीच सांगायला हवं होतं. चोया नावाच्या निवडुंगाचा काटेरी गोळा नुसता स्पर्श झाला तरी चिकटतो. माझ्या पोटरीला चिकटला आणि मी हातानं काढायला गेले, तर तो बोटांत रुतला. मागून स्वीप आला, म्हणजे सगळ्यांच्या शेवटी चालणारा, आपला बॅकलीड. त्यानं खिशातून कंगवा काढला, दात गोळ्याखाली सरकवले आणि एका झटक्यात उडवला. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाला, 'ती फोटोवाली तूच ना?'