मधले सहा दिवस

गुत्ता बंद व्हायची वेळ. गिऱ्हाइकं गेलेली, टेबलं रिकामी, आणि एक माणूस लांब दांड्याच्या झाडूने फरशी झाडतोय. मागे ऑर्गनवरची एक जुनी धून. कॅमेरा जागचा हलत नाही. दोन मिनिटं उलटली तरी त्याचं झाडणं संपत नाही आणि आपलं बघणं संपत नाही.

हे 18 जून 2017 च्या रात्री अमेरिकेतल्या शोटाइम वाहिनीवर घडलं, 'ट्विन पीक्स: द रिटर्न'च्या सातव्या भागात. दुसऱ्या कुठल्या मालिकेत असं झालं असतं तर लोकांनी रिमोट शोधला असता. इथे मात्र सोमवारी सकाळी ऑफिसच्या पॅन्ट्रीत आमचा वाद जुंपला. त्याने कचरा ओढला तो नेमका कुठून कुठे? ढिगाला काही आकार होता का? एकाने तेवढाच तुकडा थांबवून थांबवून पाहिला होता. त्याच्या मते दिग्दर्शक आपल्या डोक्यात साचलेला केर काढत होता. माझ्या टीममधली एक मुलगी म्हणाली, छे, पुढच्या रविवारी काहीतरी भयंकर येणार आहे, त्यासाठी जागा झाडून ठेवलीय.

पुढच्या रविवारी आठवा भाग आला. 16 जुलै 1945, न्यू मेक्सिकोचं वाळवंट, पहिल्या अणुबॉम्बची चाचणी. कॅमेरा सावकाश त्या ढगाच्या पोटात शिरतो आणि पेंडेरेत्स्कीने हिरोशिमाच्या मृतांसाठी रचलेलं संगीत कानात किंचाळत राहतं. मग काजळी फासल्यासारखे काळे लाकूडतोडे, पेटवायला काडी मागत फिरणारे. 1956 सालची एक झोपलेली मुलगी आणि तिच्या तोंडात शिरणारा, बेडूक की पतंग ते कळू नये असा प्राणी. बहुतेक सगळं कृष्णधवल आणि संवाद हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. सोमवारी ती मुलगी पॅन्ट्रीत आली ती निवडणूक जिंकल्यासारखी.

ज्यांनी हे प्रकरण पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 8 एप्रिल 1990 ला एबीसी वाहिनीवर डेव्हिड लिंच आणि मार्क फ्रॉस्ट यांची 'ट्विन पीक्स' सुरू झाली. वॉशिंग्टन राज्यातलं एक लाकूडतोड्यांचं गाव, नदीकाठी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं लॉरा पामर या शाळकरी मुलीचं प्रेत, आणि तपासाला आलेला एफबीआयचा डेल कूपर. कूपरला कॉफी आणि चेरी पाय प्रिय, आणि पुरावे त्याला स्वप्नात मिळतात. लाल पडद्यांच्या खोलीत माणसं उलटी बोलतात. एक बाई ओंडका कडेवर घेऊन फिरते आणि तो ओंडका काय म्हणतो ते सांगते. जून 1991 मध्ये मालिका बंद पडली ती नायकाला त्या लाल खोलीत अडकवून. त्याच शेवटच्या भागात लॉरा कूपरला म्हणते की आपण 25 वर्षांनी पुन्हा भेटू. आणि 2017 मध्ये, एखाद वर्षाच्या फरकाने, ते खरोखर भेटले.

या दोन काळांत लोकांनी मांडलेल्या थिअऱ्यांचा ढीग हिमालयाएवढा असेल. मला त्या थिअऱ्यांइतकंच कुतूहल वाटतं ते त्या कुठे उगवतात याचं. त्या उगवतात दोन भागांच्या मधल्या फटीत. रविवार ते रविवार. लिंच म्हणायचे की हा अठरा तासांचा एकच चित्रपट आहे, पण सुदैवाने तो कुणी आम्हाला एका रात्रीत वाढला नाही. 21 मे ते 3 सप्टेंबर, सगळा उन्हाळाभर तो पुरवून पुरवून मिळाला. आठव्या भागानंतर तर एक रविवार कोरा गेला, म्हणजे त्या बेडूकपतंगाबरोबर आम्हाला दोन आठवडे काढायला मिळाले. माझ्या माहितीतल्या उत्तम थिअऱ्या त्याच पंधरवड्यातल्या आहेत. ती 1956 सालची मुलगी म्हणजे लॉराची आई सारा, हा तर्क तेव्हाचाच. पुढे ऑक्टोबरात फ्रॉस्ट यांचं पुस्तक आलं आणि त्याने या तर्काला बराच दुजोरा दिला. पण दुजोरा मिळाल्यावर त्या तर्कातली अर्धी गंमत गेली, हेही खरं.

1990 मध्ये लोक भाग व्हीसीआरवर टेप करून ठेवत आणि एकेक फ्रेम पुढे ढकलत पाहत. तेव्हाही आठवडाभर चर्चा चालायची, ऑफिसात, कॉलेजात. मग एबीसीने दुसऱ्या सीझनला ही मालिका शनिवारी रात्री दहावर टाकली. शनिवारी रात्री जी मंडळी बाहेर भटकायला जातात तीच तर हिची प्रेक्षक. जे घरी राहिले त्यांना बोलायला सोमवारपर्यंत कुणी भेटेना. वाहिन्यांना जाहिरातींचं गणित कळतं, गप्पांचं कळत नाही.

त्याहून मोठा घाव नोव्हेंबर 1990 मध्ये बसला. लॉराचा खुनी कोण ते सांगून टाका, म्हणून वाहिनी मागे लागली होती; सांगून टाकलं. लिंचना ते कधीच सांगायचं नव्हतं. सोन्याची अंडी देणारं पाखरू मारायला लावलं, असं ते पुढे अनेक मुलाखतींत म्हणत राहिले.

हे मला एकदा बाबांच्या तोंडून ऐकायला मिळालं, आणि त्यांनी मालिका पाहिलेलीही नव्हती. मी तेव्हा बेलव्ह्यूला राहायचे. सिएटलच्या आसपास राहणाऱ्या मराठी माणसाकडे आईबाबा आले की त्यांना स्नोक्वाल्मीचा धबधबा दाखवायचा हा नियमच आहे. तिथल्या रेलिंगपाशी नऊवारीतली आजी आणि स्पोर्ट्स शूज घातलेले आजोबा हमखास दिसतात. त्यांतल्या कितीजणांना ठाऊक असतं की मालिकेच्या सुरुवातीच्या नावांमागे कोसळतो तो हाच धबधबा आणि कड्यावरचं ते हॉटेल म्हणजेच मालिकेतलं 'ग्रेट नॉर्दर्न'? बाबांना मी उत्साहाने सगळी गोष्ट सांगितली. खाली नॉर्थ बेंडच्या त्या डायनरमध्ये नेऊन चेरी पाय खायला घातला. त्यांनी दोन घास खाल्ले, फार गोड आहे म्हणाले आणि विचारलं, "अगं, पण मारलं कुणी तिला?"

"तिच्या बापाने. म्हणजे त्याच्या अंगात एक दुष्टात्मा शिरलेला असतो, बॉब नावाचा."

बाबा थोडा वेळ बशीकडे बघत राहिले. "हे सांगून टाकलं? मग पुढे लोक काय बघत बसले?"

या बॉबची जन्मकथा कुणाला सांगितली नसेल तर सांगावी, कारण सगळ्या थिअरीबाजांचं ते आद्य प्रमाण आहे. फ्रँक सिल्व्हा हा सेटवर सामानसुमान लावणारा माणूस. लॉराच्या खोलीत तो फर्निचर हलवत होता तेव्हा लिंचना काहीतरी सुचलं आणि त्यांनी त्याला पलंगाच्या पायाशी बसवून एक शॉट घेऊन ठेवला. कशासाठी ते त्यांनाही माहीत नव्हतं. त्याच दिवशी नंतर लॉराची आई दचकून उठते तो प्रसंग चित्रित झाला. कॅमेरामन म्हणाला, शॉट बिघडला, आरशात कुणीतरी दिसतंय. आरशात सिल्व्हा होता. लिंचनी शॉट ठेवला, आणि सामान लावणारा माणूस टीव्हीच्या इतिहासातला सर्वांत भीतिदायक खलनायक झाला.

आता याच्यापुढे कुणाची काय टाप आहे 'अहो, ती नुसती चूक असेल' असं म्हणायची! त्याच सातव्या भागाच्या शेवटी डायनरमधलं एक दृश्य आहे. एक पोरगा धावत येऊन बिलीला कुणी पाहिलंय का विचारतो आणि निघून जातो. एवढ्यात कॅमेऱ्याचा कोन बदलतो, आणि टेबलांवरची गिऱ्हाइकंही बदललेली असतात. इतर कुठे याला संकलनातला गोंधळ म्हटलं असतं. इथे त्यावर दोन समांतर काळांची अख्खी उपपत्ती उभी राहिली. पुढे बाराव्या भागात मूळ मालिकेतली ऑड्री हॉर्न पुन्हा दिसली आणि तीही कुणा बिलीलाच शोधत होती, तेव्हा त्या मंडळींनी कॉलर ताठ केली. फ्रॉस्ट यांच्या आधीच्या, 2016 च्या पुस्तकात मूळ मालिकेशी न जुळणारे तपशील आहेत. चाहत्यांनी त्यांना विसंगती म्हणायचं नाकारलं. भूतकाळच कुणीतरी बदललाय, ही त्याची खूण, असं ते म्हणाले. सतराव्या भागात कूपर खरोखर भूतकाळ बदलायला निघतो, त्यामुळे याही मंडळींवर हसता येईना.

वाट पाहायला लावण्यात लिंच निर्दय होते. तिसऱ्या भागात कूपर लाल खोलीतून सुटतो, पण लास व्हेगासमधल्या डगी नावाच्या विमा एजंटाच्या जागी येऊन पडतो, आणि आला तो जवळजवळ मुका. समोरच्याचा शेवटचा शब्द तेवढा परत म्हणायचा. कॉफी दिसली की डोळे चमकायचे, आणि आम्ही ओरडायचो, आला, आला! तो काही यायचा नाही. चेरी पाय झाला, पोलिसाचा बिल्ला झाला, पिस्तूल रोखलेला पुतळा झाला. आठवड्यामागून आठवडे. काहीजण कंटाळून सोडून गेले, त्यांना मी दोष देत नाही. सोळाव्या भागात तो शुद्धीवर येऊन 'मीच एफबीआय' म्हणतो तेव्हा पॅन्ट्रीतल्या एका चाळिशीच्या गृहस्थाने डोळे पुसल्याचं मी पाहिलं आहे. सलग बसून पाहणाऱ्याला डगी म्हणजे लांबलेला विनोद वाटतो, असं ऐकते. वाटणारच.

लिंच 1973 पासून महर्षी महेश योगींच्या पद्धतीचं ध्यान करत. चौदाव्या भागात इटालियन नटी मोनिका बेलुची, स्वतःच्याच भूमिकेत, स्वप्नात येऊन सांगते की आपण त्या स्वप्न पाहणाऱ्यासारखे आहोत, जो स्वप्न पाहतो आणि मग त्यातच राहतो. पण स्वप्न पाहणारा कोण? लिंच हे वचन उपनिषदातलं म्हणून जाहीरपणे वाचून दाखवत. त्या आठवड्यात ऑफिसातल्या लोकांना मी अचानक अधिकारी व्यक्ती वाटू लागले. मूळ श्लोक काय आहे, विचारायला लोक माझ्या टेबलापाशी यायचे. घरी जाऊन बृहदारण्यक काढलं. स्वतःच्या तंतूवरून जाणारा कोळी तिथे आहे. चौथ्या अध्यायात स्वप्नाबद्दलही सुंदर सांगितलंय: तिथे रथ नसतात, घोडे नसतात, रस्ते नसतात, स्वप्न पाहणारा ते सगळं स्वतःच निर्माण करतो. बेलुचीचं वाक्य जसंच्या तसं मला काही सापडलं नाही. पण रथांचं वचन वाचून दाखवल्यावर पॅन्ट्रीत जी शांतता पसरली ती पाहून मी आणखी स्पष्टीकरण द्यायचं टाळलं.

शेवटचे दोन भाग 3 सप्टेंबरला एकापाठोपाठ दाखवले. त्यावर पुढे जे निघालं त्यातलं निम्मं चक्रम आहे. सतरावा आणि अठरावा भाग शेजारी-शेजारी एकाच वेळी लावले की ते एकमेकांशी बोलतात, ही थिअरी मी रीतसर दोन पडद्यांवर तपासली. काही ठिकाणी अंगावर काटा येतो, बाकी वेळ डोकं दुखतं. 2019 मध्ये कुणीतरी साडेचार तासांचा व्हिडिओ करून सगळं सोडवून दाखवलं: मालिका टीव्हीबद्दलच आहे आणि दुष्टात्मे खातात तो मक्याचा लगदा म्हणजे आपण चवीने पाहतो ती हिंसा. मुद्देसूद आहे, पहिल्याच भागात रिकाम्या काचेच्या पेटीकडे टक लावून बसलेला तो तरुण तिथे चपखल बसतो. तरी मला तो व्हिडिओ पाहताना गुदमरल्यासारखं झालं. 2016 मध्ये गेलेल्या गायक डेव्हिड बोवीच्या पात्राच्या जागी लिंचनी किटलीसारखं दिसणारं एक प्रचंड यंत्र उभं केलं. त्या किटलीचं काय करायचं, हे कुठल्याही नीटनेटक्या उत्तराला जमत नाही आणि जमू नये.

जानेवारी 2025 मध्ये लिंच गेले, कशाचंही स्पष्टीकरण न देता. जुन्या पॅन्ट्रीतली आम्ही माणसं आता तीन खंडांत पांगलो आहोत, तरी एक वाद चालू आहे तो अगदी शेवटच्या मिनिटाचा. कूपर त्या बाईला, जी लॉरा असेल किंवा नसेल, लॉराच्या घराशी आणतो. दार उघडणारी बाई अनोळखी. ती भूमिका त्या घराच्या खऱ्या मालकिणीने केलीय, हे कळल्यावर एक नवीनच थिअरी निघाली होती. कूपर रस्त्यावर उभा राहून विचारतो, हे साल कोणतं? ती किंचाळते, घरातले दिवे जातात, संपलं. माझं म्हणणं, कूपर हरला. झाडूची भविष्यवाणी करणारी ती मुलगी म्हणते, जिंकला. तिचा पुरावा असा: किंकाळीच्या आधी घरातून अगदी पुसट 'लॉरा' अशी हाक येते. 1990 च्या पहिल्या भागात, मुलगी मेलीय हे माहीत नसलेली आई सकाळी जिन्याखालून जी हाक मारते तीच ही. तेव्हा हाकेला ओ द्यायला घरात कुणी नव्हतं, या वेळी कुणीतरी दिली. मला हे अजिबात पटत नाही. किंकाळीला कुणी ओ म्हणत नाही. पण हेडफोन लावून दोन्ही आवाज पाठोपाठ ऐकले, आणि हाक तीच आहे, एवढं मला तिच्यापाशी कबूल करावं लागलं.