उभ्याउभ्या बसलेला टायर

गाडी उभी असते आणि टायर बसतो. उभ्या गाडीचा टायर बसला, असं आपण बिनदिक्कत म्हणतो आणि कुणाला त्यात काही खटकत नाही. मला ते खटकलं, तेव्हा मी अजिबात हसण्याच्या मनःस्थितीत नव्हतो. हिवाळाभर आच्छादनाखाली झाकून ठेवलेली बोट बाहेर काढायला गेलो होतो आणि तिच्या ट्रेलरचा डावा टायर पार रिमपर्यंत बसला होता.

दिसायला टायर नवाकोरा. खाचा खोल, कडा करकरीत. हवा भरली तर तो निमूट फुगला. मी खूश होऊन निघालो आणि तासाभरात रस्त्याच्या कडेला त्याच्या चिंध्या गोळा करू लागलो. मागे बोट एका कुशीवर कलंडलेली. मदतीला आलेल्या माणसाने एक चिंधी उचलून बोटांत वाकवली. बगलेवर, म्हणजे टायराच्या बाजूच्या भिंतीवर, केसासारख्या बारीक भेगांचं जाळं उघडलं. तो म्हणाला, "हा पळून नाही मेला. बसून मेला."

झिजण्याला आपल्याकडे मोठा मान आहे. माणूस चंदनासारखा झिजला म्हटलं की पुढे त्याचं कौतुकच येणार. बोटीच्या ट्रेलरच्या टायराच्या नशिबात ते नाही. वर्षातून मोजक्या वेळा घरापासून पाण्यापर्यंत आणि पाण्यापासून घरापर्यंत, एवढंच त्याचं चालणं. मोटारीचा टायर गोटा होऊन निवृत्त होतो. हा मात्र अंगावरची नक्षी शाबूत ठेवून म्हातारा होतो. आपण खाचा बघून टायराची तब्येत ठरवतो आणि फसतो ते इथेच.

मग मी टायराचं वय बघायला शिकलो. बगलेवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारा एक लांबलचक क्रमांक असतो, त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे जन्मतारीख. २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. कधीकधी हा क्रमांक आतल्या अंगाला असतो, मग ट्रेलरखाली आडवं व्हावं लागतं. ट्रेलरच्या टायराचं आयुष्य जाणकार साधारण पाच-सहा वर्षं धरतात, खाचा कितीही खोल असोत. माझ्या त्या टायराची तारीख बघितली तेव्हा कळलं, त्याने मला आधीच बरीच वर्षं सांभाळून घेतलं होतं.

भेगांचं कारण तर हवेतच असतं. ऑक्सिजनचा भाऊ ओझोन जमिनीलगतही थोडाफार असतो, आणि ताणलेलं रबर त्याला फार आवडतं. रबराच्या रेणूंमधले दुहेरी बंध तो तोडत जातो. त्यावर उपाय म्हणून कारखान्यातच रबरात मेण आणि ओझोनला अडवणारी रसायनं मिसळतात. चाक फिरताना वजनाखाली टायर वाकतो, सरळ होतो, पुन्हा वाकतो. त्या मालिशीने हे औषध आतून वर येत राहतं. जुन्या टायरावर दिसणारी तपकिरी झाक पुष्कळदा याचीच असते, आणि आपण ती मळ समजून घासून काढतो. उभ्या टायराला ही मालीश मिळत नाही. वर आलेला थर संपतो आणि आतला वर यायला हालचालच नसते.

थंडीचा त्रास वेगळा. तापमान साडेपाच अंश सेल्सिअसने उतरलं की दाब साधारण १ पीएसआयने उतरतो. शिवाय रबर हवेला पूर्ण अडवत नाहीच, महिन्याकाठी एखाददुसरा पीएसआय असाच झिरपून जातो. हवा कमी झाली की बगल फुगते, फुगली की ताणते, आणि ताणलेल्या रबराची वाट ओझोन बघतच असतो. त्यातच बोटीचं सगळं वजन महिनोन्‌महिने टायराच्या त्याच एका तळव्यावर. तिथे चपटा डाग पडतो. थोडा असेल तर काही अंतर चालल्यावर गरम होऊन जातो, मुरलेला असेल तर कायमचा गचके देत राहतो.

आता हिवाळ्यापूर्वीचा एक दिवस मी टायरांना देतो. ते साबणाच्या पाण्याने धुतो. टायर चकचकीत करणारी तेलकट द्रव्यं मी टाकून दिली. पेट्रोलियमवाली तर रबराचं उलट नुकसानच करतात. मग टायरावर छापलेल्या कमाल दाबापर्यंत, टायर थंड असताना, हवा भरतो. ट्रेलर जॅकने उचलून स्टँडवर ठेवतो, चाकं जमिनीपासून दोन बोटं वर. उचलण्याआधी दुसऱ्या बाजूच्या चाकांना पाचरी ठोकायला मी एकदा विसरलो होतो. तो किस्सा सांगण्यासारखा नाही. उचलणं जमत नसेल तर निदान टायराखाली लाकडी फळी सरकवावी. वर फिकट रंगाचं, ऊन आरपार न जाणारं आवरण. आणि शेजारी वेल्डिंगचं यंत्र किंवा ठिणग्या पाडणारी विजेची मोटर नको, कारण त्यांतून ओझोनच निघतो.

एक गोष्ट मला फार उशिरा सुचली. बोटीच्या तळाचं बूच काढून नाक वर ठेवायचं. आच्छादनाला भोक पडलं की पावसाचं नाहीतर वितळलेल्या बर्फाचं पाणी आत साचतं. लिटरला एक किलो या हिशेबाने बोट गुपचूप जड होत जाते, आणि ट्रेलर उचललेला नसेल तर तो भार शेवटी त्याच टायरांवर.

टायराला जपणाऱ्या त्या रसायनांपैकी एकाचं नाव ६पीपीडी. ओझोनशी लढताना त्याचं एक नवं संयुग बनतं आणि रस्त्यावर झिजलेल्या रबरासोबत ओढ्यांमध्ये जातं. तेच कोहो सामन माशांना मारतं, हे २०२० साली संशोधकांनी दाखवून दिलं. हे वाचलं त्या दिवशी गळ बोटीतच पडून होता. मासे धरायला जाणाऱ्या बोटीचे टायर, आणि त्यांच्या औषधाने मरणारे मासे. मी गळ उचलला आणि माळ्यावर ठेवून दिला; तो अजून तिथेच आहे.

हिवाळ्याच्या मध्यावर एकदा मी आच्छादन उचलतो, हवा मोजतो आणि अधांतरी लटकलेलं चाक हाताने फिरवतो. त्याने मेण वर येत नाही, त्यासाठी वजनाखाली वाकावं लागतं, हे मला ठाऊक आहे. चाक आठ-दहा फेरे मारतं, बेअरिंगमधलं थंड ग्रीस हळूच कुरकुरतं आणि ते थांबतं. मग मी दुसऱ्या बाजूला जातो.