विज्ञान-गणिताची जागा

जिल्हा परिषदेच्या सभागृहात अतिरिक्त शिक्षकांच्या समायोजनाचे समुपदेशन, म्हणजे आपल्या शाळेत गरजेपेक्षा जास्त ठरलेल्या शिक्षकांना दुसऱ्या शाळेतले रिक्त पद निवडू देण्याचे काम, सुरू होते आणि रिक्त पदांची यादी सांभाळण्याचे काम विस्तार अधिकारी म्हणून माझ्याकडे होते. सेवाज्येष्ठतेनुसार नाव पुकारले जाई, शिक्षक पडद्यावरील यादीतून शाळा निवडत आणि आदेश घेऊन जात. अकराच्या सुमारास एका दुर्गम शाळेचे मुख्याध्यापक माझ्यापाशी येऊन म्हणाले, "साहेब, आमची शाळा यादीत नाही, आणि आमच्याकडे दोन वर्षे विज्ञान-गणिताला शिक्षक नाहीत."

त्यांचे म्हणणे खरे निघाले. पहिली ते पाचवीचा हिशेब निव्वळ पटाचा असतो: साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, नव्वदपर्यंत तीन. सहावी ते आठवीसाठी मात्र २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक वर्गाला किमान एक शिक्षक ठरवून दिला आहे, आणि तोही अशा रीतीने की विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे व भाषा या तिन्हींना किमान एकेक शिक्षक मिळावा. त्या शाळेत तीन पदे मंजूर होती आणि तिन्ही भरलेली होती. परंतु विज्ञानाच्या शिक्षिकेची बदली झाल्यावर त्या पदावर सामाजिक शास्त्रांचे दुसरे शिक्षक हजर झाले होते. संख्या जुळल्यामुळे पद रिक्त दिसेना. तालुक्याची माहिती दोन्ही वर्षे माझ्याच सहीने वर गेली होती. मी बेरीज तपासली होती, विषयाचा रकाना तपासला नव्हता, आणि त्या मुलांची दोन वर्षे त्यात गेली ही गोष्ट मला आजही टोचते.

मी ही चूक शिक्षणाधिकाऱ्यांपुढे मांडली. त्यांनी समुपदेशन थांबवले, नियुक्ती आदेश पडताळले आणि विज्ञान-गणिताचे ते पद यादीत घेतले. त्याबरोबर तिथले सामाजिक शास्त्रांचे कनिष्ठ शिक्षक अतिरिक्त ठरले. बोलावल्यावर दुपारी ते आले आणि त्यांनी एवढेच विचारले, "मला आदेश मिळाला तिथे मी हजर झालो, यात माझे काय चुकले?" त्यांचे काहीच चुकले नव्हते, आणि तसे मी त्यांना सांगितले.

विज्ञान-गणिताच्या पहिल्या दोन अतिरिक्त शिक्षकांनी रस्त्यालगतच्या शाळा घेतल्या. तो त्यांचा हक्कच होता. तिसऱ्या बाई पडद्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग त्यांनी मुख्याध्यापकांना विचारले, "सर, दोन वर्षे मुले विज्ञान कशी शिकली?"

"पुस्तक वाचून, बाई. प्रयोगाची पेटी कुलपातच आहे."

त्यांनी ती शाळा घेतली. सामाजिक शास्त्रांच्या सरांची पाळी सर्वांत शेवटी आली, तेव्हा यादीत त्यांच्या विषयाची एकच शाळा उरली होती, तीही दुसऱ्या तालुक्यात. आदेश त्यांच्या हाती देताना सभागृहात आम्ही दोघे-तिघेच होतो.