टी सेलमधला टी

आमच्या लॅबमध्ये फ्लोसायटोमेट्रीवर (लेझरने रक्तातल्या पेशी ओळखायचं मशीन) बसून मला आता सात वर्षं झाली. ल्युकेमियाचा, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरचा संशय असला की जांभळ्या झाकणाची ट्यूब येते आणि आम्ही बघायचं की बिघडलेल्या पांढऱ्या पेशी टी आहेत का बी. पेशीवर सीडी3 नावाची खूण दिसली तर टी, सीडी19 दिसली तर बी (इतकं सरळ नसतं, पण ढोबळमानाने). तर परवा नवीन ट्रेनी मुलीने विचारलं, सर टी म्हणजे काय हो? म्हटलं थायमस, शाळेच्या पुस्तकात यौवनलोपी ग्रंथी होती बघ, छातीच्या हाडामागे असते. मग म्हणते, पण हे शोधलं कुणी? आणि माझी बोलती बंद. घरी येऊन वाचत बसलो ते रात्रीचा एक वाजला.

शोधणारा झाक मिलर. जन्म 1931, फ्रान्समधलं नीस. लहानपणी काही वर्षं शांघायला, मग युद्धाच्या धामधुमीत सगळं कुटुंब सिडनीला. मोठी बहीण टीबीने गेली आणि ते त्याच्या डोक्यात राहिलं. डॉक्टर झाला, 1958 ला लंडनच्या चेस्टर बीटी या कॅन्सर संशोधन संस्थेत आला, तर तिथे मुख्य इमारतीत जागाच नाही, मग पाठवलं लांब गावाबाहेर पोलार्ड्स वूडला. तिथली लॅब म्हणजे घोड्यांचा जुना तबेला! आम्ही इथे एसी बंद पडला की आरडाओरडा करतो.

त्याला काम मिळालं ते उंदरांच्या ल्युकेमियाचं. लुडविक ग्रॉसने दाखवलं होतं की एक व्हायरस नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाला टोचला तर काही महिन्यांनी ल्युकेमिया होतो, आणि तो सुरू होतो थायमसमध्ये. महिन्याभराच्या उंदराचा थायमस काढला तर ल्युकेमिया होत नाही. पण मिलरने काय केलं, काढल्यावर सहा महिन्यांनी दुसरा थायमस परत बसवला, तर झाला की ल्युकेमिया! म्हणजे व्हायरस इतके दिवस अंगात कुठेतरी दबा धरून होता. मग प्रश्न असा की व्हायरसला सुरुवातीला वाढायला तरी थायमस लागतो का? हे बघायचं तर व्हायरस टोचायच्या आधीच तो काढायला पाहिजे, म्हणजे जन्मल्या जन्मल्या, एक दिवसाच्या, बोटाच्या पेराएवढ्या पिल्लाची छाती उघडून.

केलं त्याने ते. पिल्लं दूध तुटेपर्यंत ठीक, आणि मग वाळायला लागली, जुलाब, इन्फेक्शन, पटापट मेली. व्हायरस टोचलेली मेली ते समजू शकतो, पण न टोचलेली पण मेली. मला खरं तर इथेच थांबून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, कारण दुसरा कुणी असता तर ऑपरेशन बिघडलं म्हणून वहीत काट मारून मोकळा झाला असता. याने रक्त तपासलं तर लिम्फोसाइट (टी आणि बी ज्यात मोडतात त्या पांढऱ्या पेशी) फारच कमी. मग दुसऱ्या जातीच्या उंदराची कातडी लावून बघितली, तर ती धरली, वर केस पण उगवले. नाकारायला आतमध्ये कुणी शिल्लकच नव्हतं.

म्हणजे थायमसशिवाय प्रतिकारशक्तीच नीट तयार होत नाही, हे 1961 ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि कुणाला फारसं पटेना, कारण तोवर थायमस म्हणजे लिम्फोसाइटचं स्मशान असं मानायचे. नोबेलवाले पीटर मेडावर सुद्धा म्हणे की थायमसमधल्या लिम्फोसाइट हा उत्क्रांतीतला अपघात आहे. पुढे मेलबर्नला ग्रॅहम मिचेल नावाच्या विद्यार्थ्याबरोबर मिलरने दाखवलं की अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी (बी) वेगळ्या, बोन मॅरोतून येणाऱ्या, आणि थायमसवाल्या (टी) त्यांना मदत करतात. तेव्हा एकाने भर मीटिंगमध्ये टोमणा मारला की बी आणि टी ही एका इंग्रजी शिवीची पहिली आणि शेवटची अक्षरं आहेत. बाय द वे तो बी कोंबडीतल्या बर्सा नावाच्या पिशवीवरून आलाय, बोन मॅरोवरून नाही, मी इतकी वर्षं ट्रेनींना चुकीचंच सांगत होतो.

मिलरला लास्कर हा वैद्यकीय संशोधनातला मोठा पुरस्कार मिळाला 2019 ला, कोंबड्यांवर काम केलेल्या मॅक्स कूपरबरोबर. नोबेल नाही. का ते मला कळलेलं नाही, कुणाला पटत असेल तर पटो.

आणि आता पवईला आयआयटीत जे झालं, नेक्सकार19 नावाची कॅन्सरवरची उपचारपद्धत, 2023 मध्ये परवानगी मिळाली ती, त्यात पेशंटच्याच टी सेल काढून त्यांना सीडी19 ओळखायला शिकवतात आणि परत सोडतात बिघडलेल्या बी सेलच्या मागे. ल्युकेमिया शोधताना सापडलेली पेशी ल्युकेमियावरच सोडलीये.

हे सगळं ट्रेनीला सांगून झालं. काल एक रिपोर्ट सीडी19 पॉझिटिव्ह आला तर ती लगेच, सर याला ते पवईवालं चालेल का? म्हटलं ते डॉक्टर ठरवतील बाई, तू आधी ट्यूबवरचं लेबल चेक कर.