रजिस्टरातलं नाव

जनरल रजिस्टरात उजव्या टोकाला एक रकाना असतो, ‘कॉलेज सोडल्याचे कारण’. मुलीनं दाखला मागितला की तो भरावा लागतो. मी ३६ वर्षं तो भरला. ‘अभ्यासक्रम पूर्ण’, ‘वडिलांची बदली’, ‘अन्यत्र प्रवेश’ आणि ‘विवाह’. माझ्या नोकरीच्या पहिल्या दहा-बारा वर्षांतली रजिस्टरं उघडली, की एकेका पानावर तीन-चार ठिकाणी माझ्याच अक्षरात निळ्या शाईनं ‘विवाह’ लिहिलेलं दिसतं. तेव्हा हात थांबायचा नाही. काउंटरवर रांग असायची आणि पुढची मुलगी वाट बघत असायची.

मी कोल्हापुरातल्या एका महिला महाविद्यालयाच्या ऑफिसात १९८६ साली कनिष्ठ लिपिक म्हणून लागले आणि २०२२ मध्ये कार्यालयीन अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण पुढं आमच्या काही चुकाही सांगायच्या आहेत. निवृत्तीनंतर माजी विद्यार्थिनी संघाचं काम अंगावर घेतलं. संघ दरवर्षी जानेवारीत तीन माजी विद्यार्थिनींचा गौरव करतो. शाल, श्रीफळ, मानपत्र, मानचिन्ह. खर्च वर्गणीतून आणि एका छोट्या ठेवीच्या व्याजातून निघतो. कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाचे वेगळे गुण असतात, त्यामुळं प्रत्येक कॉलेजात असा संघ असतो. काही ठिकाणी तो फायलीत असतो. आमचा तसा राहू नये म्हणून चार-पाच जणी मनापासून धडपडतात.

पहिल्या वर्षी निवड सोपी गेली. प्रत्येकीनं आपल्या माहितीतली मोठ्या पदावरची नावं सुचवली आणि त्यातल्या तिघी ठरल्या. दुसऱ्या वर्षी बँकेत वरच्या हुद्द्यावर पोचलेल्या एका विद्यार्थिनीला बोलावलं. पत्रिका, फ्लेक्स, मानचिन्ह, वर्तमानपत्रातली बातमी, सगळीकडं नाव छापलं ते ‘सौ.’ लावून, सासरचं. कार्यक्रम छान झाला. आठवड्यानं राजारामपुरीतल्या एका बाईंचा फोन आला. होस्टेलवर त्या दोघी तीन वर्षं एका खोलीत राहिलेल्या. लग्नानंतर पत्ते हरवले, पत्रं थांबली. बातमी या बाईंनी सकाळी चहा पिताना वाचली होती. पण नाव आणि आडनाव दोन्ही बदललेली, फोटो इवलासा, त्यामुळं ही आपली मैत्रीण हे त्यांना कळलंच नाही. कार्यक्रमाचा हॉल त्यांच्या घरापासून रिक्षानं दहा मिनिटांवर होता. फोनवर त्या रागावल्या नाहीत. “मी आले असते हो,” एवढंच म्हणाल्या, पण दोनदा म्हणाल्या.

ते शब्द माझ्या डोक्यातून गेले नाहीत. आपल्याकडं लग्नात ताटात तांदूळ पसरतात आणि नवरामुलगा त्यावर अंगठीनं नवं नाव लिहितो. माझंही लिहिलं होतं. सगळे हसतात, उखाणे होतात, ताट उचललं जातं. तोवर एका मुलीच्या नावावर पंधरा वर्षांची हजेरी, गॅदरिंगची बक्षिसं, ग्रंथालयाचं कार्ड आणि परीक्षेचे बैठक क्रमांक जमा झालेले असतात. ते सगळं त्या जुन्या नावापाशी राहतं. आता बऱ्याच मुली नाव बदलत नाहीत. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचं नाव आलं, याचा मला मनापासून आनंद आहे. पण आमच्या रजिस्टरातल्या हजारो बायका त्याच्या फार आधीच्या आहेत.

म्हणून पुढच्या बैठकीत मी एकच मागणी केली. मानचिन्हावर पहिल्या ओळीत रजिस्टरातलं नाव हवं, आत्ताचं नाव त्याखाली. एकदोघींनी विचारलं, सासरच्यांना काय वाटेल? मी म्हटलं, कावळा नाक्यावर ताराराणींचा पुतळा आहे. त्या छत्रपतींच्या घरच्या सून, पण हंबीरराव मोहित्यांची लेक हे सांगितल्याशिवाय कुणी त्यांची ओळख करून देतं का? मग आपल्या मुलींचं माहेर का झाकायचं? ठराव मंजूर झाला.

निवड कुणाची करायची यावर मात्र दरवर्षी वाद होतो. नाव गाजलेली बाई आली की बातमी मोठी येते, हे खरंच आहे. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला विश्वविजेती झाली, राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतलं, तेव्हा अख्ख्या कोल्हापुरानं त्यांना डोक्यावर घेतलं आणि घ्यायलाच हवं होतं. पण कॉलेजचा पुरस्कार वेगळा असावा असं माझं ठाम मत आहे. शहराला जी दिसत नाही ती कॉलेजनं शोधावी. कारण ती कुठून आली, कशी शिकली, फी भरायला किती हप्ते पाडून घेतले, हे फक्त कॉलेजच्या दप्तरात असतं.

तर दप्तराचीच गोष्ट. निवृत्तीच्या आधीच्या वर्षी स्टोअर रूममधली कपाटं आवरताना सुतळीनं बांधलेला एक गठ्ठा मिळाला. वर कागदाची पट्टी, ‘न नेलेली गुणपत्रके’. निकाल लागला की विद्यापीठातून गुणपत्रकं कॉलेजात येतात आणि मुली सही करून घेऊन जातात. ज्या येत नाहीत त्यांची बाजूला राहतात. पण या गठ्ठ्यात नापासांची नव्हती. बी.ए. भाग ३ आणि बी.कॉम. भाग ३, सगळ्या पास. परीक्षा मार्च-एप्रिलला, निकाल जूनमध्ये आणि मधे मे महिना, म्हणजे लग्नसराई. एकूण ४१ गुणपत्रकं होती. मी ती ऑफिसच्या टेबलावर मांडली आणि बराच वेळ नुसती बघत बसले. त्यातल्या कित्येक मुलींच्या नावापुढं रजिस्टरात कारण मीच लिहिलं होतं.

पत्ते जुने, ‘मु. पो.’ आणि तालुका एवढेच. त्यातला एक आजरा तालुक्यातल्या वाडीचा. तिथल्या एका दुकानाचा नंबर मिळवला, त्यानं घरचा दिला. फोन एका मुलीनं उचलला. नाव सांगितलं तर म्हणाली, अशी कुणी न्हाई आमच्यात. मागून म्हातारीचा आवाज आला, “अगं आत्या व्हय ती तुझी! लग्नाआधीचं नाव घेत्यात त्या.” भाचीला आपल्या आत्याचं पहिलं नाव त्या दिवशी कळलं.

मी एसटीनं गेले. उत्तूरमार्गे आजऱ्याला आणि तिथून पुढं वडापानं, म्हणजे शेअर जीपनं. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून मी अशी कुठंही जाऊ शकते. तिच्या घराच्या मागं पत्र्याची लांब शेड होती आणि आत १९ बाया काजू फोडत होत्या. तिनं २००४ साली एका कटरवर सुरुवात केली होती. कच्चा काजू उन्हात वाळवायचा, वाफवायचा, रात्रभर निववायचा आणि मग पायानं दाबायच्या कटरवर एकेक फोडायचा. टरफलात तेल असतं, ते कातडीला लागलं की भाजल्यासारखं होतं. आधी बाया हाताला खोबरेल लावून राख चोळून बसायच्या. हिनं पहिल्या नफ्यातून हातमोजे आणले. मोज्यात बोटं चालत नाहीत म्हणून बाया ते काढून ठेवायच्या, तर हिनं दोन महिने किलोमागं मजुरी वाढवून दिली, वेग येईपर्यंत. हा हिशेब तिनं मला भिंतीवर दाखवला. खडूनं रोजचा दर, रोजचं वजन आणि प्रत्येकीचं नाव लिहिलेलं होतं. शेजारी प्रतवारीची चाळण. २४० नंबरचा गर मोठा, ३२० चा त्याहून लहान, म्हणजे एका पौंडात साधारण तेवढे गर बसतात. मग पाकळी, मग तुकडा. कुठल्याला किती भाव आणि किती घट, हे तिला तोंडपाठ होतं.

तिचा विषय स्पेशल अर्थशास्त्र होता. मी पिशवीतून गुणपत्रक काढून दिलं. एप्रिल १९९१, द्वितीय श्रेणी. तिनं आधी हात धुतले, पदराला पुसले, मग परत धुतले. कागद घेतला आणि मोठ्यानं नाव वाचलं. आडनाव, नाव, वडिलांचं नाव. बाकीचं वाचलंच नाही.

पास झालेलं तिला माहीत होतं. भावानं सासरी येऊन सांगितलं होतं. कागद आणायला कोल्हापूरला जाते म्हटल्यावर आता त्याचं काय करायचंय असं घरातून आलं, मग मूल झालं आणि विषय संपला. पुढं बचत गटाच्या कागदावर, कर्जाच्या अर्जावर, मुलाच्या शाळेच्या फॉर्मवर, जिथं जिथं ‘शिक्षण’ असा रकाना आला तिथं तिनं ‘बारावी’ लिहिलं. “पुरावा न्हवता ना ताई,” म्हणाली. “खोटं कशाला लिवायचं?”

जेवायला घनसाळ या तिकडच्या सुवासिक तांदळाचा भात होता. त्याचा वास शेडपर्यंत आला होता. मला दोन घास कसेबसे गेले.

हे नाव मी या वर्षी सुचवलं. बैठकीत कुणी म्हणालं, उद्योग लहान आहे. १९ बायकांना वर्षभर रोजगार देणं आजरा तालुक्यात लहान आहे का, असं मी विचारलं. खरा मुद्दा आमच्या एका निवृत्त प्राध्यापिकेनं मांडला. १९१८ मध्ये शाहू महाराजांचे पुत्र शिवाजी यांचा अपघाती मृत्यू झाला, तेव्हा त्यांच्या पत्नी इंदुमती राणीसाहेब बारा वर्षांच्याही नव्हत्या. महाराजांनी घरातला, बाहेरचा विरोध बाजूला सारून विधवा सुनेला शिकवलं. त्या मॅट्रिक झाल्या आणि पुढं त्यांनी ललिता विहार ही संस्था काढून कोल्हापुरातल्या बायकांना शिकवलं. “राजवाड्यातल्या मुलीला शिकण्यासाठी महाराज पाठीशी असावे लागले,” बाई म्हणाल्या, “हिच्या पाठीशी कोण होतं ते मला सांगा.” पुढं कुणी बोललं नाही.

कार्यक्रमाला ती शेडमधल्या सहाजणींना घेऊन आली, वडाप ठरवून. फेटेवाल्यानं तिला फेटा बांधला, तेव्हा त्या सहाजणी पुढच्या रांगेत उभ्या राहून बघत होत्या. मानपत्र मी वाचलं. मानचिन्हावर वरच्या ओळीत रजिस्टरातलं नाव होतं. शाल अंगावर पडल्यावर प्राचार्यांनी गुणपत्रकही चौकट करून पुन्हा तिच्या हातात दिलं. टाळ्या वाजत होत्या आणि ती मानचिन्हावरच्या अक्षरांवरून अंगठा फिरवत होती.

नंतर मुलींनी प्रश्न विचारले. अशा वेळी ‘तुमच्या यशाचं रहस्य काय’ असा प्रश्न हटकून येतो आणि तो आलाच. पण तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं, “काजू फोडताना हात जळतात म्हणे, तुमचे जळले का?” तिनं माईक टेबलावर ठेवला, पायऱ्या उतरून खाली आली आणि दोन्ही तळवे त्या मुलीपुढं उघडले. बोटांची पेरं अजून काळसर होती, उजव्या अंगठ्याजवळ कातडी तुकतुकीत झालेली. मुलीनं हात लावून बघितलं. मागच्या रांगेतल्या मुली उठून पुढं आल्या. सूत्रसंचालन करणारी थांबली, कार्यक्रमाची वेळ वीसएक मिनिटं पुढं गेली आणि मी कुणालाही घाई करू दिली नाही.

जेवण झाल्यावर ती माझ्याकडं आली. पदवी प्रमाणपत्र अजून मिळतं का, विचारत होती. मिळतं, पुढच्या दीक्षान्तासाठी अर्ज भरायचा. आम्ही ऑफिसात बसलो आणि अर्ज काढला. नाव गुणपत्रकाप्रमाणे लिहायचं होतं. ते तिनं लिहिलं, सावकाश, एकेक अक्षर जोडत. खाली सहीपाशी पेन थांबलं.

“ताई, सही कुठली करू?”

मी जुनं प्रवेश रजिस्टर काढलं. जून १९८८. तिच्या नावासमोर तिची सही होती, शेवटच्या अक्षराला लांब शेपूट काढलेली. ती दोन मिनिटं त्या सहीकडं बघत राहिली. मग मागच्या कोऱ्या कागदावर चारदा गिरवली. पाचव्यांदा अर्जावर केली.

गठ्ठ्यात आता ३७ गुणपत्रकं आहेत. गारगोटी, शिरोळ, पन्हाळा, गगनबावडा, दोन निपाणीकडची आणि एक थेट रत्नागिरीची. गारगोटीच्या पत्त्यावर मागच्या सोमवारी पोस्टकार्ड टाकलंय. पाकिटात पत्र न घालता मुद्दाम कार्ड टाकलं, म्हणजे पोस्टमन वाचेल, शेजारी वाचतील आणि त्या नावाची मुलगी कोण, हे कुणाला तरी आठवेल.