खिडकी न झाकता टीव्ही: मोटरवरची लिफ्ट बसवण्याचा माझा अनुभव

कोथरूडमधील आमच्या दिवाणखान्यात सोफ्यासमोर एकच भिंत येते आणि तिचा बहुतेक भाग उत्तरेकडच्या रुंद खिडकीने व्यापला आहे. उरलेल्या बाजूंना बाल्कनीचा सरकता दरवाजा आणि स्वयंपाकघराकडे जाणारी वाट असल्याने टीव्हीला तिथेही जागा नाही. खिडकीतून वेताळ टेकडी दिसते आणि सासूबाईंचा दिवसाचा बराचसा वेळ त्या खिडकीशीच जातो, त्यामुळे तिच्यासमोर कायमचा टीव्ही उभा करण्यास घरात कोणीच तयार नव्हते. खिडकीखाली बुटके कपाट करून त्यातून टीव्ही हवा तेव्हा मोटरने वर आणावा, ही कल्पना पुतण्याने सुचवली. मला ती सुरुवातीला हॉटेलातला थाट वाटली; पण दुसरा मार्ग दिसेना, तेव्हा मी मोजपट्टी घेऊन बसले.

या कामात लिफ्टपेक्षा ती ज्या पेटीत बसते ती पेटी अधिक महत्त्वाची असते, हे मापे घेतानाच लक्षात आले. आमच्या खिडकीची चौकट जमिनीपासून ७६ सेंटिमीटरवर सुरू होते, म्हणजे कपाट त्याहून उंच जाऊन चालणार नव्हते. ५५ इंची टीव्ही साधारण ७१ सेंटिमीटर उंच असतो आणि ५० इंची सुमारे ६५. दुकानातील पत्रकांवर प्रत्येक लिफ्टची दोन मापे दिलेली असतात: ती मिटल्यावर किती उंच असते आणि तिथून किती वर जाते. वर जाण्याच्या या अंतराला विक्रेते 'स्ट्रोक' म्हणतात. मिटल्यावर ७३.५ सेंटिमीटर आणि स्ट्रोक ७० सेंटिमीटर अशी एक लिफ्ट आमच्या खिडकीखाली जेमतेम बसत होती. तिच्यावर ५५ इंची टीव्ही लावला असता तर तो पूर्ण वर आल्यावरही पडद्याची खालची पट्टी कपाटातच राहिली असती, आणि बातम्यांच्या वाहिनीवर नेमकी तिथेच अक्षरे धावत असतात. अधिक स्ट्रोकची लिफ्ट घ्यावी तर ती मिटल्यावरही उंच राहते आणि खिडकीच्या चौकटीवर येते. तेव्हा टीव्ही ५० इंचीच घ्यायचा, हे लिफ्टनेच ठरवून टाकले. या टीव्हीच्या पडद्याचा मध्य जमिनीपासून सुमारे ११० सेंटिमीटरवर येतो आणि आमच्या सोफ्यावर बसलेल्या माणसाची नजरही जवळपास तिथेच असते, त्यामुळे मान वर करून बघावे लागत नाही.

दुकानांत मात्र संभाषणाची सुरुवात मापांऐवजी वजनापासून होते. ही लिफ्ट साठ किलो उचलते, ती ऐंशी किलो, असे अभिमानाने सांगितले जाते. आजचा ५० इंची टीव्ही अकरा-बारा किलोंचा असतो. त्याला साठ किलोंची क्षमताही भरपूर होते, आणि त्यापुढच्या किलोंसाठी जास्त पैसे देण्यात मला अर्थ दिसला नाही. त्याऐवजी लिफ्ट पूर्ण वर असताना टीव्हीचा वरचा कोपरा बोटाने हलकेच ढकलून पाहावा. नळीत नळी सरकणारा खांब असेल तर सर्वांत वरच्या टप्प्यावर तो किती डुलतो, हे त्यातून लगेच कळते. आम्ही पाहिलेल्या लिफ्टांपैकी एकीवर टीव्ही बराच वेळ डुलत राहिला. ती स्वस्त होती, पण आम्ही ती बाजूला ठेवली.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न बोटांचा होता. टीव्ही खाली जाताना झाकण आणि कपाटाची कडा यांच्यामध्ये कोणाचे बोट आले तर काय होईल, असे मी प्रत्येक ठिकाणी विचारले. 'अडथळा लागला की आपोआप थांबते, मॅडम,' असे उत्तर सगळीकडे मिळाले. एका दुकानात मी झाकणाखाली रिकामी आगपेटी ठेवायला सांगितली. झाकण सावकाश खाली आले, आगपेटी चपटी झाली आणि झाकण जागेवर बसले. विक्रेता म्हणाला, 'आगपेटी फारच हलकी आहे हो.' दुसऱ्या दुकानात आम्ही वर्तमानपत्राची घट्ट गुंडाळी ठेवली, तेव्हा झाकण तिला टेकले, क्षणभर थांबले आणि तीन-चार सेंटिमीटर मागे वर गेले. ही सोय मोटर ओढत असलेल्या विजेच्या प्रवाहावर चालते. अडथळा आला की मोटरला जोर लावावा लागतो, प्रवाह वाढतो आणि नियंत्रक तो ओळखून दिशा उलटवतो. नियंत्रकाने किती प्रवाहाला हे करावे, हे कारखान्यात ठरलेले असते आणि काही उत्पादक ते फार सैल ठेवतात. घरात लहान मुले आणि वयस्क माणसे असतील तर ही परीक्षा स्वतः घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

वीज गेली तर टीव्ही धाडकन खाली येईल का, ही सासूबाईंची शंका होती. तसे होत नाही, कारण खांबाच्या आत आटे पाडलेला लांब दांडा असतो आणि मोटर तो फिरवते तेव्हाच त्यावरची चाकी (नट) वर किंवा खाली सरकते. केवळ वजनाने दांडा उलटा फिरत नाही. वीज गेल्यास टीव्ही आहे तिथेच थांबतो. गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद झाली तेव्हा आमचा टीव्ही एकदा अर्ध्यावर राहिला होता. वीज परत आल्यावर लिफ्ट बटणांना दाद देईना, तेव्हा माहितीपत्रकात दिल्याप्रमाणे खालचे बटण दाबून धरले. लिफ्ट संथपणे तळाशी गेली, तिने आपले शून्य पुन्हा ठरवले आणि मग ती नेहमीसारखी चालू लागली. माहितीपत्रकाचे ते पान मी आता कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवले आहे.

यानंतर झाकणाचा प्रश्न आला. झाकण दोन प्रकारे करता येते. एकात ते मागच्या बिजागऱ्यांवर उघडते आणि टीव्ही वर येताना त्याला ढकलतो. दुसऱ्यात झाकण लिफ्टच्या माथ्यावरच बसवलेले असते आणि टीव्हीबरोबर वर जाते. पहिला प्रकार दिसायला अधिक नीटनेटका असतो, कारण टीव्हीच्या डोक्यावर फळी दिसत नाही. पण आमच्या कपाटामागे खिडकी आहे. बिजागरीचे झाकण उघडून खिडकीच्या पडद्यात अडकले असते आणि खिडकी सरकवण्याची मूठही त्याच्या मागे गेली असती. आम्ही माथ्यावरचे झाकण निवडले. त्याचा एक अनपेक्षित परिणाम असा की झाकणावर ठेवलेली वस्तू पडत नाही, टीव्हीबरोबर वर जाते. सासूबाईंच्या चष्म्याची डबी पहिल्याच आठवड्यात अशी वर गेली आणि संपूर्ण मालिका संपेपर्यंत टीव्हीच्या डोक्यावर बसून राहिली.

आता सुताराविषयी. लिफ्टचे पत्रक मिलिमीटरमध्ये बोलते आणि आमचे मिस्त्री सुतांत. एका इंचात आठ सूत, म्हणजे एक सूत तीन मिलिमीटरहून किंचित जास्त. झाकणाभोवती चारही बाजूंनी तीन मिलिमीटरची फट ठेवा असे पत्रकात होते, मिस्त्रींनी ती एक सूत म्हणून घेतली आणि तिथपर्यंत सारे ठीक होते. अडचण सनमायकाने केली. झाकणाच्या कडेला आणि खाचेच्या आतल्या बाजूला प्रत्येकी एक मिलिमीटरचा सनमायका व त्याखाली चिकटद्रव्य लागले, की तीन मिलिमीटरमधून जेमतेम एखादा मिलिमीटर उरतो. सुदैवाने सनमायका लावण्याआधी मिस्त्रींनी त्याचे तुकडे नुसते कडेला धरून झाकण वर-खाली करून पाहिले. 'ताई, पावसाळ्यात ही फळी फुगली की घासणार बघा,' असे म्हणून त्यांनी झाकणाच्या चारही कडा रंध्याने अर्ध्या सुताने कमी केल्या. कोणत्याही पत्रकात न लिहिलेली ही गोष्ट संपूर्ण कामातील सर्वांत मोलाची ठरली.

लिफ्ट कपाटाच्या तळफळीवर ठेवायची नाही, तळफळीला मधोमध चौकोन कापून ती थेट लादीवर उभी करायची, हाही निर्णय त्यांचाच. त्यामुळे तळाच्या फळीची आणि खालच्या पाटाची मिळून जी सात-आठ सेंटिमीटर उंची गेली असती ती वाचली, आणि लिफ्टच्या पायांना पक्का आधार मिळाला. पायांखाली रबराच्या जाड चकत्या ठेवल्या आहेत, कारण मोटरचा आवाज दुकानात मंद वाटला तरी पोकळ लाकडी पेटीत तो घुमतो. लिफ्टचा खांब मागच्या भिंतीला एल आकाराच्या दोन लोखंडी पट्ट्यांनी बांधला. बांधण्यापूर्वी ओळंबा लावून तो सरळ असल्याची खात्री करून घेतली, कारण तळाशी दोन मिलिमीटरचा कल असला तरी वर जाईपर्यंत तो वाढतो आणि झाकण एका बाजूला टेकते. टीव्ही ज्यावर अडकवायचा ते लिफ्टचे ब्रॅकेट टीव्हीला बसेल का, हे मात्र आधीच पाहावे. टीव्हीच्या पाठीवरील चार भोकांमधील अंतर ठरावीक मापांतच येते. आमच्या टीव्हीचे ते २०० बाय २०० मिलिमीटर आहे आणि लिफ्टच्या पट्टीत त्यासाठी भोके होती.

खिडकीखालचे कपाट म्हणजे पावसाशी गाठ. सरकत्या खिडकीच्या रुळात पाणी बाहेर जाण्यासाठी भोके असतात. ती बुजली की पाणी आतल्या बाजूला ओघळते आणि ते थेट आमच्या कपाटावर आले असते. म्हणून प्लायवूड सागरी प्रतीचे, आयएस ७१० असा शिक्का असलेले घेतले, कपाट भिंतीपासून दोन बोटे पुढे ठेवले आणि कपाटाच्या मागच्या कडेला उभी पट्टी लावून घेतली. वायरमनने प्लगचे पॉइंट लादीजवळ न ठेवता बाजूच्या भिंतीवर गुडघ्याच्या उंचीला घेतले. लिफ्टची मोटर २४ व्होल्टवर चालते, त्यामुळे तिचा अडॅप्टर आणि टीव्ही यांना वेगवेगळे पॉइंट दिले. अर्थिंग तपासून घेतले आणि त्या सर्किटवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाल्यास पुरवठा तोडणारा स्विच, आहे याची खात्री केली.

वायरींचा हिशेब साधा असला तरी त्यात कंजूषी चालत नाही. टीव्ही ७० सेंटिमीटर वर जातो, तेव्हा त्याच्यामागून जाणारी प्रत्येक वायर तेवढी तरी सैल हवी आणि ती सैल वायर खाली येताना पायांत अडकताही कामा नये. त्यासाठी जोडजोड कड्यांची प्लॅस्टिकची साखळी मिळते. वायरी तिच्या पोटातून नेल्या की त्या एकाच दिशेने दुमडतात. एचडीएमआयची वायर टीव्हीच्या खोबणीपासून हातभर अंतरावर पट्टीने बांधून टाकली, म्हणजे दररोजच्या चढउतारात ताण खोबणीवर येत नाही.

रिमोटबाबत दुकानदारांपैकी कोणीही आपणहून काही सांगितले नाही. लिफ्टचा रिमोट ४३३ मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर चालतो, त्यामुळे झाकण बंद असतानाही लाकडातून त्याचा संदेश पोहोचतो. सेट टॉप बॉक्स मात्र कपाटात ठेवला आणि त्याच्या रिमोटचा किरण फळीवर अडला. बारीक वायरीच्या टोकाला डोळा असलेली एक छोटी जोडणी मिळते. ती कपाटाच्या कडेला बाहेर काढल्यावर काम झाले.

वेग सेकंदाला अडीच सेंटिमीटरच्या आसपास आहे, म्हणजे टीव्ही अर्ध्या मिनिटाच्या आत पूर्ण वर येतो. मोटर सलग दोन मिनिटे चालली तर तिला अठरा मिनिटे विश्रांती द्यावी, असे पत्रकात म्हटले आहे. नणंदेची मुले आली होती तेव्हा त्यांनी वर-खाली करण्याचा सपाटा लावला आणि लिफ्ट मध्येच गप्प झाली. मुले घाबरली, पण मोटर थंड झाल्यावर ती आपोआप चालू झाली.

खर्चाचे म्हणाल तर प्लायवूड, सुतारकाम आणि वायरिंग मिळून लिफ्टच्या किमतीहून जास्त पैसे गेले. हमी फक्त मोटर आणि नियंत्रकाची आहे, रिमोटची नाही, म्हणून दुसरा रिमोट खरेदीच्या वेळीच घेऊन ठेवला. कपाटाच्या पाठीमागे हवा खेळण्यासाठी भोके ठेवली आहेत. गेल्या आठवड्यात त्यांतून एक पाल आत शिरली आणि संध्याकाळी टीव्हीच्या कडेला चिकटून वर आली. मिस्त्री येत्या रविवारी भोकांना जाळी मारायला येणार आहेत.