सावली आखूड होईपर्यंत

उन्हाळ्यात मी घड्याळ बघत नाही, सावली बघतो. सकाळी बाहेर पडतो तेव्हा ती ताडमाड असते, माझ्यापेक्षा बरीच रुबाबदार. मग हळूहळू आटत जाते. सूर्य ४५ अंशांवर आला की ती बरोब्बर माझ्या उंचीची होते आणि त्यानंतर आखूड. आखूड झाली की दुर्बीण गळ्यातून काढायची आणि झाड गाठायचं. कारण आता अतिनील किरणांचा मारा जोरात सुरू झालेला असतो.

हे शहाणपण मला कानांनी शिकवलं. म्हणजे ऐकून नव्हे, भाजून.

झालं असं की एका वाळक्या फांदीच्या शेंड्यावर दयाळ गात होता. नर, काळा कोट आणि पांढरं पोट. गाताना त्याची शेपटी खालीवर होत होती आणि चोच उघडली की गळ्यावरची पिसं थरथरताना दिसत होती. एक तान घ्यायची, थांबायचं, जरा विचार केल्यासारखं करायचं आणि पुढची तान वेगळीच. दयाळ दुसऱ्या पक्ष्यांच्या आवाजातले तुकडेही उचलतो, त्यामुळे उठावं असं वाटलं की तो काहीतरी नवीन काढणार आणि मी पुन्हा बसणार. दीड तास गेला. वारा छान होता, आभाळात पातळ ढग होते, ऊन लागतंय असं वाटलंच नाही. संध्याकाळी दोन्ही कान आणि डोक्यावरचा विरळ प्रदेश लालबुंद.

"बाबा, तू पक्षी बघायला गेला होतास की भाजून घ्यायला?" मुलीने विचारलं.

"सनस्क्रीन लावलं होतं," मी बाणेदारपणे म्हणालो.

"किती?"

मी वाटाण्याएवढा थेंब दाखवला. ती हसायची थांबेना.

तिचंही बरोबर होतं म्हणा. बाटलीवरचा एसपीएफचा, म्हणजे भाजण्यापासून किती बचाव होतो ते सांगणारा आकडा प्रयोगशाळेत ठरतो तो कातडीच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम एवढा जाड थर लावून. आपण बहुतेक जण त्याच्या निम्मंही लावत नाही आणि वर ३० घ्यावं की ५० यावर खल करतो. ३० असेल तर भाजणाऱ्या किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडतात, ५० असेल तर ९८. त्या एका टक्क्यासाठी डोकं खपवण्यापेक्षा दोन बोटांवर भरून घेऊन चेहऱ्या-मानेला लावावं आणि दोन तासांनी पुन्हा लावावं, हे बरं. अर्थात त्याचीही एक खोड आहे. घामाबरोबर ते ओघळून नेमकं डोळ्यात जातं, आणि जातं तेही नेमका पक्षी फांदीवर आला की. माझे निम्मे पक्षी मी एका डोळ्याने पाहिलेत. म्हणून आता माझा खरा भरवसा रुंद काठाची टोपी आणि लांब बाह्यांचा सदरा यांच्यावर. ते ओघळत नाहीत.

आणखी एक गैरसमज त्या दिवशी गेला. ऊन चटकलं नाही म्हणजे कातडी भाजत नाही, असं नसतं. चटका देणारी उष्णता वेगळी, कातडी जाळणारे अतिनील किरण वेगळे. पातळ ढगांतून ते आरामात येतात. फोनवर तापमानाच्या आसपास यूव्ही इंडेक्स म्हणून एक आकडा असतो, अतिनील किरणांचा जोर किती ते सांगणारा. ही मोजपट्टी १९९२ मध्ये कॅनडात तयार झाली. आकडा ३ झाला की जपायला लागायचं, ११च्या पुढे गेला तर झाडाखालून हलायचंच नाही. पण फोन काढण्याआधी मी अजून खाली बघतो. सावलीला चार्जिंग लागत नाही.

गंमत अशी की पक्ष्यांचं वेळापत्रकही जवळपास हेच. उजाडायच्या आधीपासून कल्ला सुरू होतो. तेव्हा हवा स्थिर असते, आवाज लांबवर पोचतो, आणि किडे शोधायला पुरेसा उजेड नसल्याने गाण्याला सवड असते. शिंपी पक्षी तर एवढासा, अंगठ्यापेक्षा थोडा मोठा, पण त्याचा आवाज ऐकून माणूस झाडात कुणी दांडगा पक्षी शोधत बसतो. आपलं स्वरयंत्र श्वासनलिकेच्या वरच्या टोकाला असतं, त्यांचं खालच्या टोकाला, जिथे ती दुभंगते. गाणाऱ्या पक्ष्यांना दोन्ही फाट्यांवर वेगवेगळा ताबा ठेवता येतो. म्हणजे गवई एक आणि गळे दोन.

सावली आखूड झाली की मैफल मोडते. तेव्हा मी झाडाखाली आणि ती मंडळी झाडात. परवा अगदी हाताच्या अंतरावर साळुंकी बसली होती. चोच उघडी, पंख अंगापासून जरा सोडवलेले, गळा भराभर हलतोय. पक्ष्यांना घामाच्या ग्रंथी नसतात, ते असं धापा टाकून अंग निववतात. त्याच वेळी समोर मोकळ्या मातीत एक होला कुशीवर कलंडून, एक पंख वर करून भर उन्हात पडलेला. मला वाटलं, गेला बिचारा. जवळ गेलो तर उडाला. पिसांतल्या उवा-गोचिडांना पळवायला पक्षी असे उन्हात पडतात म्हणे. काही का असेना, त्याला कुणी सनस्क्रीन किती लावलंस असं विचारत नाही.

दुपारभर न थकता गातो तो एकटा कोकीळ. कोकीळच, कोकिळा नव्हे. गाणारा काळाकुळकुळीत नर असतो, ठिपक्याठिपक्यांची तपकिरी मादी नुसती किक-किक करते. आणि खरा अन्याय तर पुढेच आहे. पक्षीशास्त्रात 'गाणारे पक्षी' नावाचा जो गट आहे त्यात कोकीळ बसत नाही. तिथे बसतो कावळा! गळ्याच्या रचनेवरून ठरतं ते, आपल्या कानांना कुणी विचारत नाही. वर कोकिळेची पिल्लंही तोच वाढवतो.

आज सकाळी सावली माझ्याएवढी झाली, तरी मी उठलो नाही. दयाळ गात होता. टोपी होती, बाह्या होत्या, कानांना दोनदा लावून झालं होतं. आता पावलांवर चपलेच्या पट्ट्यांचा पांढरा नकाशा उमटलाय.